पडदा पडल्यावरचा खेळ

— अगं, मग मान तरी हलव! हो की नाही, एवढंच विचारतेय मी. तोंडाने नको बोलूस, तुझं तोंड दुखतं ना — दुखत नाही? थकतं? बरं बाई, थकतं. सुनेचं तोंड थकतं हे या घराने पहिल्यांदाच ऐकलं. आणि ती हनुवटीखालची मूठ काढ आधी. दुकानात गिऱ्हाईक येतं, मागच्या खोलीत डोकावतं, आणि त्याला इस्त्रीचे कपडे दिसायच्या आधी तू दिसतेस — हनुवटीला हात लावून बसलेली, घरात कुणी गेल्यासारखी. काढलास हात? काढलास तर हे मुंडकं खाली! बघ, पडलं छातीवर. काय सुरेख जमतं गं तुला.

सकाळी हीच मान कशी ताठ होती! सकाळी केलेले ते शर्ट बघ, त्या टोकाचे — कॉलर कशी, हात लावला तर कापेल. आणि हे दुपारनंतरचे. बाहीला दोन-दोन घड्या, आणि या पांढऱ्यावर इस्त्री तशीच ठेवून दिलीस, पिवळा डाग पडला. उचलवली नाही म्हणे! इस्त्री तीच, हात तोच, मग सकाळी हलकी आणि दुपारी जड कशी होते ती? मी असा रोग बघितला नाही बाई. माझ्या बहिणीला मधुमेह आहे, तो सकाळी असतो, संध्याकाळीही असतो. माझे गुडघे — ते काय उन्हं उतरायची वाट बघतात? तुझ्याच रोगाला तेवढी वेळ कळते. उन्हं उतरली की आधी डावी पापणी, मग उजवी, मग आवाज, मग मान. लोकांचा खेळ पडदा उघडल्यावर सुरू होतो, तुझा पडदा पडल्यावर. हस की, विनोद केला मी — नको, नको हसूस. तुझं हसणं ठाऊक आहे मला. माझ्या भाच्याच्या लग्नातला तो फोटो, फोटोवाला म्हणाला हसा, सगळे हसले आणि तू माझ्या शेजारी उभी राहून दात विचकलेस, कुत्रं गुरकावतं तसे. म्हणे ओठांची टोकं वर जातच नाहीत, नुसता मधलाच ओठ उचलला जातो. आणि तो एक डोळा मिटून बघणं! एकाची दोन माणसं दिसतात म्हणून एक डोळा झाकते म्हणे. माझ्या थोरल्या दिरांना वाटलं सून डोळा मारते. बिचारे जेवताना भिंतीकडे तोंड करून बसले.

डॉक्टरकडे मीही आले होते ना, विसरलीस? तुझ्या नवऱ्याला वाटतं आईला काही कळत नाही. सगळं कळलं मला. तो म्हणाला, नस हाक मारते, स्नायूला ऐकू जात नाही. मी म्हटलं, डॉक्टर, आमच्या घरात नेमकं हेच चाललंय — मी हाक मारते आणि हिला ऐकू जात नाही! तर हसला नाही मेला. म्हणाला, सुरुवातीला ऐकू जातं, म्हणून सकाळी बरं असतं, वापरून वापरून हाक पोचेनाशी होते. आणि मग त्याने काय केलं? बर्फ! रबरी हातमोज्यात बर्फाचे खडे भरले आणि तुझ्या मिटलेल्या पापणीवर ठेवले. आणि थोड्या वेळाने उचलले तर डोळा टक्क उघडा! मी तिथेच ओळखलं. बर्फाने पळतो तो कसला गं रोग? डोळ्यावर गार लागलं, झोप उडाली, आणखी काय. आणि त्याला तोच पुरावा वाटला, की रोग खरा आहे! एवढं शिकून. तुझा नवरा रडला त्या खोलीत. माझा मुलगा — बाप गेला तेव्हा नाही रडला.

काय म्हणतेस? पाणी? मघाशी दिलं तर नाकातून बाहेर काढलंस. अर्धं नाकातून, अर्धं पदरावर. नाही देत आता.

तो असला की बरं चालतं तुझं. ऑफिसातून येतो, हातपाय धुतो न धुतो आणि कंगवा घेऊन बसतो तुझ्यामागे. हात वर धरवत नाहीत म्हणून हिची वेणी नवरा घालतो! आणि घास मऊ करून भरवतो, तू हाताने जबडा वर उचलून चावतेस, तो थांबतो, परत घास. घरीच असते ना मी, पडद्याआडून सगळं दिसतं. माझे केस कुणी विंचरले गं? मला न्यूमोनिया झाला होता, तुझा नवरा पोटात होता, तेव्हाही मी या टेबलाशी उभी होते, कोळशाची इस्त्री होती तेव्हा, केवढी जड. सासरे म्हणायचे, खोकायचं तर तोंड तिकडे कर, कपड्यांवर नको. केलं मी तोंड तिकडे. मला कुणी म्हटलं नाही, बस जरा. आणि मी मेले का? नाही ना मेले. उभं राहिलं की माणूस उभंच राहतं. सवयीचा प्रश्न आहे. आज सकाळी तूसुद्धा राहिलीसच की उभी, गोळीशिवाय —

हं.

बघू नकोस असं. एका डोळ्याने तर मुळीच नको. बरं, निघालंच तोंडातून तर सांगून टाकते. तो कामासाठी परगावी गेला, तेव्हाच मी ठरवलं. तुझ्या डबीत आहेत ना, त्या माझ्या पित्ताच्या गोळ्या आहेत. काल सकाळपासून. तशाच पांढऱ्या, तशाच बारीक, तुला कळलंसुद्धा नाही. आणि तुझ्या इथे आहेत, माझ्याकडे, या टेबलाच्या खणात, अंथरायच्या चादरीखाली. म्हटलं बघू तरी, गोळी घेतेय असं नुसतं वाटलं तर ही कशी राहते. आणि काल दिवसभर बरी राहिलीस की! बरीचशी. आता आज काय ते — आज तू जास्तच करतेयस. कारण तुला संशय आला असणार. मघाशी त्याचा फोन आला तर मी सांगितलं, झोपलीय, गोळी घेऊन झोपलीय. तुझा फोन फ्रिजवर ठेवलाय, हातातून सारखा पडतो म्हणून.

नको, उठू नकोस. पडशील. बघ, म्हटलं ना. टेकून बस.

मी काय राक्षसीण आहे? देते की गोळी. ही बघ, गोळ्यांची पट्टी हातात आहे. फक्त मागून घे. नीट, तोंडाने. लग्न होऊन आलीस तेव्हा कसं स्वच्छ म्हणायचीस — "अहो आई". तुझ्या आईला "अगं", मला "अहो". माझी शेजारीण म्हणायची, नशीबवान आहात, आजकालच्या मुली काकू म्हणतात. त्या "अहो"वर मी जगले गं, बाकी काय आहे या घरात माझं. आणि मग तू नाकात बोलायला लागलीस, "अंहों आंईं", मला वेडावल्यासारखी. तेव्हापासून डोक्यात आहे माझ्या. म्हण, "अहो आई, गोळी द्या." एवढंच. ढोंग करते असं कबूल कर, असं म्हणतेय का मी? नाही ना? म्हण.

ओठ तरी हलव. डोळे मिटून नाही सुटका. थांब — थांब, मलाही येतो तुझ्या डॉक्टरचा उपाय. फ्रिजमध्ये बर्फाचा ट्रे भरलाय. हं, डोकं मागे कर. गार लागतंय? लागू दे. किती घामेजलीस गं, आणि ही छाती कशी वरवरच हलतेय, चिमणीसारखी. श्वास नीट घे. तो डॉक्टर म्हणे, श्वासाचेही स्नायूच असतात, गिळता येईना, दम पुरेना, तर एक क्षण थांबू नका, तसंच उचलून आणा. घाबरवतात मेले. श्वास काय घ्यावा लागतो का? झोपेतसुद्धा चालतो. बघू आता. काढते हं बर्फ...

उघडला. बघ, उघडला! म्हटलं नव्हतं —

काय बघतेस? असं नको बघूस. मी काही — पाणी येतंय डोळ्यातून, ते बर्फाचं आहे. बर्फाचंच आहे. बोल ना गं. बोल, देतेय मी गोळी, ही बघ फोडली, तळहातावर काढली, फक्त म्हण. हं. हं, येतंय — मोठ्याने — "आ..." हां, पुढे. "आई."

आई?

नुसतं आई? "अहो" कुठे गेलं? इतक्या जवळ येऊन, माझ्या हातात गोळी असताना, तू आपल्या आईला हाक मारतेस? ती आली होती इस्त्रीला? ती काढते तुझं नाकातलं पाणी? मी इथे बर्फाने बोटं बधिर करून घेतेय आणि हिला माहेर आठवतंय! दोन अक्षरं गं. "अहो". तेवढ्याने तुझा दम जात होता?

राहू दे. ही गेली गोळी परत खणात.

— आले हो, आले! दोन शर्ट आणि ती पॅन्ट ना? तयार आहे, जरा बसा. — नाही, नाही, आत कुणी नाही, सून आहे, पडलीय जरा. थांबा, पडदा ओढून घेते.

ऐकलंस? गिऱ्हाईक आहे, तो घशातला आवाज बंद कर. झोप आता. सकाळी बोलू. सकाळी तर तू ठीकच असतेस.