सासऱ्यांच्या वाटचं ऐकणं

नाही, पण मला सांगा, गाणं ऐकायला काय शिकावं लागतं हो? दोन कान आहेत, लावलं की ऐकू येतं! मी तर इस्त्री करताना, भाजी चिरताना शास्त्रीय लावूनच ठेवायची... घर कसं शहाण्या माणसांचं वाटायचं! पण आमचे सासरे! तुम्हाला सांगते, चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, एक वेलांटी चुकली तरी घास उतरायचा नाही त्यांना, आणि नेमके त्यांचेच कान गेले. यंत्र लावून बोलणं कळतं, पण गाणं? ‘पत्र्यावर कुणी खडे ओततंय असं वाटतं गं,’ म्हणाले. आणि मग म्हणाले, ‘तू ऐक. मला सांग.’

म्हणजे रोज दुपारी तीनला, माझ्या डुलकीच्या वेळेला, मी हेडफोन लावून खुर्चीत, बाबा, म्हणजे सासरे, समोर स्टुलावर... ‘सुरू झालं?’ ‘झालं.’ ‘पुढे काय झालं?’ ‘छान गातायत.’ ‘छान म्हणजे? वर गेले की खाली?’ आता मला काय माहीत, मी काय जिन्यात उभी होते?

एकदा लागलीच डुलकी. ‘पुढे काय झालं?’ मी दचकून ठोकून दिलं, ‘थांबले! मोठ्ठा श्वास घेतला!’

‘इथे नाही थांबत,’ बाबा घड्याळाकडे बघत म्हणाले. ‘अजून चार मिनिटं नाही थांबणार. पाठ आहे मला.’

भडकलेच ना मी! ‘पाठ आहे तर माझा जीव कशाला खाता, बाबा?’

चष्मा काढून पुसला त्यांनी... ‘पाठ आहे ते माझं. वापरून वापरून झिजलंय गं. तुला पहिल्यांदा ऐकू येईल ना, ते हवंय मला.’

मग हेडफोन नीट बसवला. ऐकलं. खरंच ऐकलं, डोळे मिटून... एकच सूर होता हो, नुसता उभा, आणि मागे तंबोरा, खिडकीतला पडदा कसा फुगतो नि बसतो, फुगतो नि बसतो, तसा... मग तो सूर निघाला पुढच्या सुराकडे. पोचला? छे! दारापर्यंत जाऊन परत! पुन्हा गेला... पुन्हा परत... माझा श्वास तिथेच अडकलेला, अहो, जा ना आत, जा! आणि गेला... इतका हळू, की गेल्यावर कळलं.

डोळे उघडले तर सव्वाचार! मी अवाक्षर बोलले नव्हते. म्हटलं, आता ओरडणार. तर बाबा माझ्या चेहऱ्याकडे बघत, एक हात तसाच हवेत धरून बसलेले.

‘गेला ना आत?’

मी मान हलवली.

‘पुढे काय झालं?’

‘बाबा, सांगता नाही येत.’

‘हं,’ म्हणाले, ‘म्हणजे आता ऐकू यायला लागलं तुला.’

झालं! तेव्हापासून भाजी चिरताना काही लावायची सोय नाही, दोनदा बोट कापलं. आणि हे लक्ष देणं काही गाण्यापाशी थांबत नाही हो... परवा लग्नानंतर अकरा वर्षांनी नवऱ्याचं बोलणं नीट मन लावून ऐकलं. मला आपलं वाटायचं, माणूस किती बोलतो! तीन वाक्यं आहेत त्यांच्याकडे. ‘चहा झाला का’, ‘माझी किल्ली कुठाय’ आणि ‘तुझं लक्ष कुठे असतं’. आलटून पालटून तीच... आणि मैफल अजून निदान तीस वर्षं चालणार!