तेरा स्टुलं आणि एक फॉर्म

कागदावर लिहून आणलंय, शुद्धलेखन बघू नका, शब्दही साधेच आहेत, सोळाव्या वर्षी शाळा सोडली मी... म्हणजे सोडली आणि त्याच शाळेत शिपाई लागलो, तर सोडली तरी कशी म्हणायची? पण तुम्हाला सांगतो, त्या एका फॉर्मनं जीव नकोसा केला माझा!

झालं काय, स्कॉटलंडच्या उत्तरेला, आमच्या ऑर्कनीतल्या बेटावर शाळेत सुतारकाम शिकवतात हार्कससर. परीक्षेला प्रत्येक मुलानं स्वतःच्या हातानं एक स्टूल करायचं, त्यावर गुण. मुलं तेरा. आणि मी चारनंतर वर्कशॉपला कुलूप लावायला जातो तर आत सर एकटेच, रंधा मारतायत! पंधरा दिवसांत बारा स्टुलं! तेरावं इंगा फ्लेटचं, तिनं 'माझं मीच करणार' म्हणून केलं, आणि ते असं डुगडुगायचं की मांजर बसलं तरी विचार करून उठेल.

सर वाईट नाहीत हो. मुलं नापास झाली तर सुतारकामाचा वर्गच बंद करतील, ही धास्ती. संशय येऊ नये म्हणून एक पाय मुद्दाम वाकडा बसवायला गेले... हात ऐकेना! आजोबांपासून खुर्च्या करणारं घर, वाकडं येणार कुठून? शाळेच्या प्रदर्शनात लोक वाकून सांधे बघायचे, "वा, हार्कसचाच हात!" म्हणायचे, आणि शाबासकी मुलांना द्यायचे.

आता इंगाला बोटी बांधायच्या कारखान्यात उमेदवारी हवी होती. जागा एक, गुण बघून घेणार, आणि बारा जण तिच्या पुढे. म्हणजे जी एकटी खरं वागली, तीच घरी बसणार? शिक्षकांच्या तक्रारी बघते त्या एडिंबराच्या शिक्षक परिषदेला कळवायलाच हवं होतं. पण कळवणार कोण?

मुख्याध्यापिका रेंडलबाईंकडे गेलो. मी बोलायला लागलो की आधी कान लाल होतात, शब्द मागून येतात. बाई म्हणाल्या, "एर्लंड, सरांना नोकरी बेटांच्या कौन्सिलनं दिलीय, कौन्सिल बघेल." कौन्सिलला फोन केला, तर, "शाळेचं पत्र आल्याशिवाय आम्ही काय करणार, साहेब?" साहेब! जन्मात पहिल्यांदा! दुकानात थोराकाकूंना सांगितलं, त्यांचा मुलगा त्या बारांतलाच. "अगंबाई, भयंकरच की! कळवायलाच हवं कुणीतरी. लोणी ताजं आलंय, देऊ?" घेतलं मी लोणी. पण कळवणार कोण?

शेवटी परिषदेचा तक्रारीचा फॉर्म मीच काढला. पहिलाच प्रश्न, आपण कोण? नोकरी देणारे, पालक, इतर नागरिक, की तो शिक्षक स्वतः? शिक्षक स्वतः! असंही असतं? आणि मला काय सुचलं कुणास ठाऊक, माणसाच्या पाठीमागे कशाला, म्हणून कागद घेऊन सरळ सरांपुढेच उभा राहिलो. कान लाल. म्हटलं, "सर, मी तुमची तक्रार करतोय. पण यात तुमच्यासाठीही रकाना आहे."

सरांनी चष्मा लावला, वाचलं, रंधा खाली ठेवला.

"सगळ्यांना माहितेय?"

"हो, सर."

"कधीपासून?"

"पहिल्या स्टुलापासून."

"मग कुणी बोललं का नाही रे?"

सरांनी फॉर्म टेबलावर पसरला. "पेन आहे?" म्हणाले, आणि खूण केली त्या चौथ्या रकान्यात.

पुढे? चौकशी होईपर्यंत सर घरी बसले. परीक्षा मंडळानं कळवलं, या वर्कशॉपचं एकही स्टूल धरणार नाही, सगळी नव्यानं करा, तीन आठवड्यांत, शिकवायला माणूस बोटीनं येईल. सगळी! इंगा माझ्यावरच धावून आली, "माझं पण? तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा?" थोराकाकू बोलेनात. रेंडलबाई म्हणाल्या, "आधी माझ्याकडे यायचंस की!" इतके दिवस कळवणार कोण, कळवणार कोण, आणि आता दुपारच्या चहापर्यंत सगळ्या बेटाला ठाऊक, कुणी कळवलं! सरांनीच कळवलं हो, म्हणून सांगून बघितलं... ऐकतंय कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला वर्कशॉप उघडलं. दारात इंगा. फळी घेतली, करवत घेतली, मग मागे न बघता म्हणाली, "टोक धर."

धरलं. नुसतं धरलं हां, करवत तिनंच चालवली. कुणाला कळवायचं असेल तर तेवढं लिहून घ्या.