नानाकाकांच्या अंगात आलं तेव्हा

अरे, अंगात येण्यावरून आठवलं. आमचे नानाकाका ऐंशी सालानंतर बोटीवरची नोकरी सोडून वेळणेश्वरला परतले, ते सिंगापूरच्या बंदरात शिकलेला 'ताई ची' नावाचा चिनी व्यायाम घेऊन. रोज सकाळी समुद्राकडे तोंड करून पुळणीवर उभे राहायचे. डोळे अर्धे मिटलेले, हात सावकाश पुढे, सावकाश मागे. गावाने काय समजावं? काकांच्या अंगात येतं!

दिवाळीनंतर एका सकाळी शेजारची भागीरथीकाकू काठी टेकत आली. काकांच्या पायाशी नारळ ठेवला, हात जोडले. "देवा, माझा दत्ता कधी येईल? सांग."

मला फुटलेलं हसू तिथेच विरलं. तिच्या लेकाचा, दत्ताचा मचवा बुडून वर्ष झालं होतं.

काका गडबडले. "अगो वहिनी, देव कसला? व्यायाम आहे हा. गुडघ्यांना बरा, श्वासाला बरा, माणसाचा तोल जात नाही."

ती हललीच नाही. शेवटी काकांनी नारळ उचलून तिच्या हातात दिला. "उद्यापासून ये. गुडघे तरी बरे करू."

ती खरंच यायला लागली. पदर खोचून काकांच्या मागे हात हलवायची. शिमग्यापर्यंत काठी सुटली! काका गावभर सांगत फिरले. एकदा आमच्या ओटीवर सगळ्यांसमोर त्यांनी तिला मुद्दाम विचारलं, "काय वहिनी, पडला ना फरक?"

"पडला तर, भावजी. आधी बंदरावर लगेच खाली बसावं लागायचं. आता दिवेलागणीपर्यंत उभं राहून त्याची वाट बघता येते."