धर्ममाता होण्याआधी

जबाब, दि. 25/04/2025

नाव सरुबाई योहान पाटोळे, वय 72 वर्षे, शिक्षण चौथी, धंदा घरकाम, पूर्वी दवाखान्यात आया, रा. शरणपूर, नाशिक.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी मुलगा रवी, वय 43, सून उज्वला व नात यांच्यासह राहते. नात सात आठवड्यांची आहे. रवीच्या लग्नानंतर चौदा वर्षांनी झाली. जावळ इतके की नर्सबाई पहिल्याच दिवशी म्हणाली, "आजी, हिला रिबिन आणा." जांभई देते तेव्हा सगळे तोंडच उघडते. साहेबांनी कामाचे तेवढे सांगा म्हटले, म्हणून पुढे सांगते.

दि. 04/03/2025 रोजी दुपारी नात झाली. रवी पिकअप गाडीवर द्राक्षांचे क्रेट वाहतो. तो तेव्हा दिंडोरीला होता. चार वाजता मीच फोन केला. म्हटले, "लवकर ये रे बाबा, पोरीचं नाक तुझ्यावर गेलंय, बघ तरी." तो पाच वाजून दहा मिनिटांनी दवाखान्यात आला. हात धुतले, पोर घेतली, बोलला काही नाही. मला वाटले, आनंदाने बोलवत नसेल. मी तोपर्यंत वॉर्डभर पेढे वाटून आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला सांगितले की, दवाखान्याकडे येताना दिंडोरी रोडवर त्याच्या गाडीची एका मोटरसायकलला धडक बसली व तो थांबला नाही. गाडीचा डावा दिवा फुटला होता. त्याने नवीन बसवला. जुन्याच्या काचा कागदात बांधून जिन्याखाली ठेवल्या होत्या. त्या मी आज पिशवीत आणल्या आहेत.

दि. 06/03/2025 रोजी हवालदार साहेब पिकअपवाल्यांकडे चौकशी करत आमच्या घरी आले. मी त्यांना जबाबात सांगितले की, रवी दुपारी तीनपासून माझ्याजवळ दवाखान्यात होता. ते खोटे होते. मला तसे सांग असे कोणी म्हटले नव्हते. हवालदार साहेबांच्या आईचे बाळंतपण मी आया असताना झाले. ते बरोबरच्या शिपायाला म्हणाले, "सरुआजी म्हणतायत ना, मग पुढं चल." दवाखान्यात विचारायला कोणी गेले नाही.

मोटरसायकलवाल्याचे नाव चंदर. फुले लावतो. त्याची बायको सिंधुबाई बाजारात फुले विकते. आमच्या ख्रिस्ती देवळातल्या वेदीवरच्या फुलांचे काम माझ्याकडे आहे, दर शनिवारी मी तिच्याकडूनच घेते. पांढरी शेवंती तिच्यासारखी कोणाकडे मिळत नाही. मार्चमध्ये तिने सांगितले, चार तारखेला दिंडोरी रोडवर पिकअपने उडवले, नवऱ्याचा पाय गुडघ्याखाली काढला. म्हणाली, "आजी, त्यांच्यासाठी प्रार्थना करा. तुमची पोचते." मी केली. तिथेच तिच्या डोक्यावर हात ठेवून, मोठ्याने. आमेन म्हटले आणि फुले घेऊन आले. पुढचे पाच शनिवारही गेले.

येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता नातीचा बाप्तिस्मा आहे. मी धर्ममाता. आमच्यात धर्ममातेने लेकराच्या वतीने सगळ्या मंडळीसमोर उत्तरे द्यायची असतात. बुधवारी पाळकसाहेबांनी तालीम घेतली. देवावर विश्वास आहे का विचारले, मी आहे म्हटले. लबाडी टाकून देते का विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. पाळकसाहेब हसले. "सरुबाई, ऐकू येतंय ना?" मी म्हटले, येतंय. उज्वलाने कोपराने ढोसले. "आई, 'टाकते' म्हणा, पोर रडायला लागलीय." मी म्हटले नाही. पाणी प्यायला बाहेर गेले.

काल जेवताना मी रवीला सांगितले की, मी ठाण्यात जाणार. तो म्हणाला, "आई, मी आत गेलेलं तुला चालेल?"

मी म्हटले, "नाही चालणार."

"मग?"

"मग पोरीला हातात घेऊन खोटं बोलू काय मी?"

उज्वला म्हणाली, "दुसरं कोणीतरी उभं करा, आई. माझी मावशी राहील." मी म्हटले, ती राहील, पण सिंधुबाईकडे शनिवारी मलाच जायचे आहे. रवीने ताटातला भात संपवला.

मी आज रिक्षाने एकटी आले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. रवी घरी आहे. मी निघाले तेव्हा तो पोरीच्या झोळीची दोरी बदलत होता. माझ्याकडे त्याने पाहिले नाही. रविवारी बाप्तिस्म्याला बापाला उभे राहू द्यावे, असे मी साहेबांना म्हटले. साहेब म्हणाले, ते जबाबात येत नाही. मी म्हटले, मी विचारले एवढे तरी लिहा.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. दि. 06/03/2025 चा जबाबही वाचून दाखवला होता आणि तेव्हाही मी बरोबर आहे म्हटले होते. तो बरोबर नव्हता. हा बरोबर आहे. अंगठा नको, मला सही येते.

सही/-
सरुबाई योहान पाटोळे