सारवलेल्या घरातला जिमी

माझं माहेर पेडगाव, सासर वालूर. बाहत्तरचा दुष्काळ सरला आन पुढच्या उन्हाळ्यात माझं लगीन झालं. घर मातीचं, दोन खोल्या, पुढं अंगन, बाजूला गोठा. सासू न्हवती, सासरे हुते. आमच्यात सासऱ्याला मामा म्हंतेत. मामा परभनीला एका इंजिनेर सायबाच्या बंगल्यावर सैपाकाला हुते, लय वर्सं. मानूस असा टापटिपीचा, काय सांगू तुमाला, धोतराला डाग चालायचा न्हाई, अंघोळ करून गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याबिगर पान्याचा घोट न्हाई, आन दुसऱ्याकडून सेवा तर नकोच, पाय ठणकले तरी लेकाला दाबू द्यायचे न्हाईत.

सायबाची बदली झाली. सायब म्हनले, हे कुत्रं तुमीच न्या, तुमाला लळा हाय तेचा. मामा पिशवीत घालून यष्टीनं घेऊन आले. पांढरं, केसाळ, मांजराएवढं, नाव जिमी. गल्लीतल्या बाया बगायला आल्या, म्हनल्या, हे कुत्रं हाय का सशाचं पिलू. मामा ऐटीत म्हनले, हे घरात घान करत न्हाई, मीच शिकवलंय तेला, मातीत जाऊनच करतंय. तेंचं बोलनं संपलं न्हाई तवर जिमीनं चुलीपाशी पाय वर केला. मला हसू आवरंना, मामाचं तोंड एवढंसं झालं.

मग रोजचंच झालं ते. तेनं ओलं केलं की मी शेन आनून तेवढी जागा सारवून काढायची. आपल्यात तीच रीत, सारवलं की जागा शुद्ध. आन जिमी दुसऱ्या दिशी परत नेमका तिथंच. आमचे मालक काठी घेऊन उठायचे, मामा मारू द्यायचे न्हाईत. चार दिस नुसते बगत बसले आन मग म्हनले, पोरी, चूक तेची न्हाई. बंगल्यात फरशी हुती, तेला एवढंच ठावं, फरशी म्हंजी घर आन माती म्हंजी बाहेर. हितं सगळी मातीच, तू वरून शेन लावतीस, तेला वाटतंय अंगनच हाय.

मंग मामानं नवी शाळा सुरू केली. ओल्यावर आदी चुलीतली राख टाकायची, खरवडून काढायचं, वास गेला की मगच सारवायचं. खानं झालं की उचलून उकिरड्यावर न्यायचं, तिथं केलं की शाबास म्हनायचं. लोक हसायचे, म्हाताऱ्याला कुत्र्याची चाकरी लागली म्हनायचे. आन एवढं करूनबी पावना आला, आभाळ गरजलं, की जिमी घरातच करायचा. मामा म्हनायचे, इसरलं, परत सांगू. असं सांगून सांगून दिवाळीपस्तोर कुत्रं सुदारलं.

मग मामाच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. बाज पुढच्या खोलीत टाकली, जिमी बाजेखाली झोपायचा. आन थोड्या दिसानं बाजेखाली परत ओलं दिसाया लागलं. मामा म्हनायचे, जिमीनं केलं, आता मी न्हाई ना तेला बाहेर न्यायला. मी नेत हुते की, तरी सकाळी ओलंच. गोधडी धुते म्हनलं तर हात लावू द्यायचे न्हाईत. मालक बापाला आप्पा म्हनायचे, ते चिडले, म्हनले, आप्पा हितं बसून पूजा करतेत आन हे हितंच घान करायलंय, बाजाराच्या दिशी देऊन टाकतो कोनालाबी. तेंनी त्या सांजंला जिमीला गोठ्यात बांदलं.

सकाळी झाडाया गेले, बाजेखाली ओलं. मामा लगेच म्हनले, जिमीच. तेवढ्यात गोठ्यातून जिमी भुकला. मी ऐकलं, तेंनीबी ऐकलं. मामानं तोंड भिंतीकडं केलं.

मालक आत आले, म्हनले, परत कोनी केलं. माझ्या तोंडून निघून गेलं, मीच सोडलं हुतं जिमीला, आत येऊन करून गेला, परत बांदलं. काय करू, म्हाताऱ्या मानसाची इज्जत हुती ना. मालक म्हनले, बास झालं, आज बाजारच हाय, आन निघाले दावं सोडाया. सासऱ्याची लाज झाकावी तर मुकं जनावर घराबाहेर जायलंय, आन जनावर ठेवावं तर म्हाताऱ्याला उघडं पाडावं लागतंय.

मामा भिंतीकडं बगतच बोलले. शब्द नीट फुटंना, पन दोघांलाबी कळलं. त्याला नेऊ नको. त्यानं न्हाई. म्या केलं, रोज मीच करायलोय.

मालक दारातनं माघारी फिरले. मग खांद्यावरचा टावेल खुंटीला टाकला, मला म्हनले पानी तापव, आन बापाला लेकरावानी उचलून न्हानीत नेलं. मामा रडले, मालक रडले, मी चुलीपाशी फुकनी घेऊन रडले. धुऊन, कोरडं धोतर नेसवून बाजेवर आनलं, आन मालकानंच हात धरून पूजा करवली. जिमी दाव्यानिशी आत येऊन बसला हुता, गाठ कवा सुटली कोन जाने.

मामा पुढं दोन पावसाळे जगले. जिमीबी मधीमधी चुकायचाच, जात ती जात. पन त्या दिसापासून आमच्या घरात ओलं दिसलं तर हे कोनी केलं, असं कोनी इचारलं न्हाई. ज्याला दिसलं तेनं पुसलं.

आता मालकबी न्हाईत. माझी सत्तरी सरली, गुडघे साथ देत न्हाईत, कवा कवा मोरीपस्तोर जानंच होत न्हाई. लय लाज वाटती हो, खोटं कशाला सांगू. सून फडकं आनती, पुसती, लुगडं बदलून देती आन म्हंती, आत्याबाई, आज भाजी काय करू. तिच्या हाताला यश येवो, तिचं लय चांगलं होवो.