गाडी मीच चालवत होते

मी, गल्लीत ‘मास्तरीणबाई’ म्हणून ओळखली जाणारी, वय एकोणपन्नास वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार ड्रायव्हिंग स्कूलच्या वरचा मजला, आज रोजी पोलीस ठाण्यात आपण होऊन, पती समोरच्या बाकावरून डोळे वटारत असतानाही, सांगते की,

माझे पती ‘मास्तर’ हे सदर ड्रायव्हिंग स्कूलचे मालक असून अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली आहे. मला शिकवली नाही. मी विषय काढला की ते म्हणत, “तुला कुठे जायचंय?”

दोन वर्षांपूर्वी दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल मास्तरांना न्यायालयात दंड झाला. म्हणजे दंड त्यांना झाला आणि भरला मी. नवीन शिलाई मशीनसाठी साठवलेले पैसे त्यात गेले. मास्तरांनी तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. ती पुढच्या थंडीपर्यंत टिकली. त्यानंतर मी त्यांना न सांगता गाडी शिकले आणि शिकाऊ परवाना काढला. पुढचा दंड भरण्यापेक्षा ते स्वस्त पडेल असा माझा हिशोब होता.

आज दुपारी मास्तरांच्या मित्राच्या निवृत्तीचे जेवण होते. आम्ही स्कूलच्या गाडीने गेलो. मास्तर “नुसतं सरबत” घेत होते. परंतु सरबत पिऊन कोणी यजमानांच्या सासूबाईंना चमचा हातात धरून गिअर कसा टाकायचा ते शिकवत नाही. निघताना मी किल्ली मागितली. ते हसले. मी हसले नाही. किल्ली घेऊन चालकाच्या सीटवर बसले, मास्तर शेजारी बसले. शिकवण्याची गाडी असल्याने त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक आहे.

मी गाडी नीट चालवत होते. मास्तर मात्र दर खांबापाशी आपल्या बाजूचा ब्रेक दाबत होते, त्यामुळे गाडी उचकी लागल्यासारखी चालली होती. म्हणूनच चौकातल्या हवालदारांनी आम्हाला थांबवले. त्यांनी खिडकीतून आत डोकावून वास घेतला आणि गाडी कोण चालवतंय असे विचारले. मी तोंड उघडायच्या आत मास्तर म्हणाले, “मी! माझ्या ब्रेकवर चाललीय गाडी. हिला काय येतंय? ही नुसती स्टिअरिंग धरून बसलीय.” त्यानंतर त्यांनी हवालदारांच्या यंत्रात मोठ्या उत्साहाने फुंकले.

ठाण्यात मी, गाडी मीच चालवत होते, असे सांगितले. तेव्हा साहेबांनी मास्तरांना समजावले की दुसरी वेळ असल्याने दंड आधीपेक्षा मोठा होईल, परवाना जाईल आणि स्कूलला कुलूप लागेल. “बाई म्हणतायत ते खरं असेल, तर यातून सुटाल. नीट विचार करून बोला.” मास्तर म्हणाले, “दंड भरीन साहेब, पण खोटं बोलणार नाही. हिला गाडी येत नाही.” कोणाच्या पैशाने भरणार ते बोलले नाहीत. धंदा बुडाला तरी चालेल, पण बायकोने गाडी चालवली हे चालणार नाही, असा हा माणूस. मला अतिशय राग आला. तेही लिहून घ्या, असे मी सांगितले.

यावर साहेबांनी मला आवारातली पाण्याची टाकी आणि जीप यांच्यामध्ये गाडी रिव्हर्स लावून दाखवायला सांगितले. मी लावू लागले. मास्तर व्हरांड्यातून बघत होते. अर्ध्यावर त्यांना राहवले नाही. “आरशात बघ! आता स्टिअरिंग काप! हळू... बास, बास... शाब्बास!” असे ते ओरडले. ठाण्यातल्या सर्वांनी ते ऐकले. शाब्बास हा शब्द मी वरच्या मजल्यावरून रोज ऐकते, परंतु तो आजपर्यंत दुसऱ्यांसाठी असे.

मास्तरांनी जवळ येऊन हळूच विचारले, “कोणी शिकवलं तुला?” मी खरे ते सांगितले. चौकातल्या दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंनी शिकवले. त्यांनी मास्तरांची निम्मी गिऱ्हाइके ओढली आहेत. मला त्यांनी फीमध्ये सवलतही दिली. हे ऐकून मास्तर बाकावर मटकन बसले. दंडाचे ऐकून जो चेहरा पडला नव्हता, तो आता पडला.

शेजारी शुद्धीत नसलेला माणूस बसवून शिकाऊ परवान्यावर गाडी चालवल्याबद्दल मला लहानसा दंड आहे, असे साहेबांनी सांगितले. तो मला मान्य असून मास्तरांच्या पाकिटातून मी तो भरला आहे. पावती माझ्या नावाने फाडावी व त्यावर ‘चालक’ असे स्पष्ट लिहावे.

गाडी बायकोच चालवत होती, असे लिहून द्यायला मास्तर आता तयार झाले. त्यांची एकच अट होती, मी कुठे शिकले ते या कागदावर येऊ नये. साहेबांनी माझे मत विचारले. मी म्हटले, “जबाब खरा हवा ना? मग असू द्या.” मास्तरांनी पंख्याकडे बघत सही केली.

हा जबाब साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. दुसऱ्या स्कूलचा मजकूर मास्तरांना नीट ऐकू गेला नसावा म्हणून मी तो पुन्हा वाचायला लावला. दुसऱ्यांदाही तो बरोबर होता.