सेनापतीचा सोटा

(शाळेचं सभागृह. हायस्कूलच्या मुलांसाठी भरलेल्या उन्हाळी इतिहास शिबिराचा शेवटचा दिवस. प्रदर्शन मांडून झालंय.)

सर: ये बाळ, अशी जवळ ये. या लोखंडी सोट्याची गोष्ट सांगतो, अंगावर काटा येईल. पालक यायच्या आत माझाही गळा मोकळा होईल. तर रण माजलंय, सेनापती घोड्यावर...

मुलगी: सर, हा सोटा मीच आणलाय.

सर: आणि मी ओळखला! परवा शिबिरात त्यावर चाळीस मिनिटं बोललो. शेवटी गायलोसुद्धा. मागच्या बाकावरची पोरं रडत होती.

मुलगी: हसत होती, सर. तोंडात रुमाल कोंबून.

सर: असं होय! मी गहिवर समजलो.

मुलगी: तुमचाच नियम ना, वस्तू आणायची, पण काही सांगायचं नाही, सर ओळखतील. नंतर सांगणार होते, तर तुम्ही गायला लागलात. सर, हा शाळेच्या घंटेवर टोल द्यायचा दांडा आहे. माझे आजोबा इथे शिपाई होते. विजेची घंटा आली तेव्हा शाळेनं हा त्यांना दिला.

सर: मग हे पोचे?

मुलगी: घंटेवर आपटून आपटून.

सर: मी त्यांना शत्रूच्या शिरस्त्राणावरचे घाव म्हणालो गं!

मुलगी: सोट्याखाली लावलेल्या चिठ्ठीवरही तुम्ही तेच लिहिलंय. आणि आजोबा दहाला येतायत. सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून बसलेत. बदलाल का, सर?

सर: थांब. आजोबा डाव्या पायानं लंगडतात?

मुलगी: हो. तुम्ही त्यांना कसे ओळखता?

सर: अगं, मी इथेच शिकलो. रोज उशीर! मी रस्त्यानं धावत येताना दिसलो, की ते दांडा वर धरून उभे राहायचे. मी फाटकातून आत शिरलो, की टोल. पाच वर्षं! देवा, रोज तुझं स्मरण करतो म्हणून मिरवतो, आणि स्मरणशक्ती ही अशी!

मुलगी: मग चिठ्ठी?

सर: फाड. नवी तूच लिही, माझं पेन लगेच लढाईवर जातं. आणि बोलायचंही तूच. आधी माझी फजिती सांग, रुमालासकट.

मुलगी: आणि सेनापती?

सर: त्यांना रजा दे. शेवटी फक्त एवढंच म्हण, की उशिरा निघूनही वेळेत पोहोचलेल्यांनो, दांडा वर धरून थांबलेल्या माणसाची आठवण ठेवा.